नव्या कर कायद्याने न्यू जर्सीला किती मिळालं? आधी शेड्यूल ए उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको दोघे नोकरीत, एडिसनमध्ये स्वतःचं घर, दोन मुलं, दोघांचं मिळून २ लाख ८० हजार डॉलर उत्पन्न. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की 'वन बिग ब्यूटिफुल बिल' या २०२५ च्या फेडरल कर कायद्याची लॉटरी खरी लागली ती न्यू जर्सीला. सॉल्टची, म्हणजे राज्य-गावाच्या कराच्या वजावटीची, मर्यादा १० हजारांवरून ४० हजारांवर गेली, म्हणजे वर्षाला ३० हजार वाचले. हे खरं आहे का? आणि ग्रीन कार्डवर नुकत्याच आलेल्या सासू-सासऱ्यांना यातलं काही मिळेल का?

३० हजार वाचत नाहीत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून २०२५ च्या रिटर्नमध्ये तुमचे साधारण ३,२०० डॉलर वाचतील. ही रक्कमही काही वाईट नाही. पण ती कुठून येते हे समजलं नाही तर पुढच्या वर्षी तिच्याच भरवशावर चुकीचा निर्णय होईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सॉल्ट म्हणजे राज्याला आणि गावाला भरलेला कर. राज्याचा इन्कम टॅक्स अधिक घराचा प्रॉपर्टी टॅक्स, ही बेरीज फेडरल उत्पन्नातून वजा करता येते. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून तिच्यावर १० हजारांची मर्यादा घातली. न्यू जर्सीला ती इतकी टोचली, कारण इथे ५६४ नगरपालिका आहेत, प्रत्येक गावाला स्वतःची शाळा आणि स्वतःचे पोलीस हवे असतात, आणि त्यांचा बहुतेक खर्च घराच्या करातूनच निघतो. राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल वर्षाला १० हजारांच्या वर आहे, म्हणजे नुसत्या घराच्या कराने मर्यादा भरायची आणि पगारातून कापलेला राज्याचा कर वाया जायचा. प्रॉपर्टी टॅक्सला देणगीचं रूप देऊन ही मर्यादा चुकवण्याचा प्रयत्न राज्याने केला, पण आयआरएसने (फेडरल कर खात्याने) २०१९ मध्ये नियम काढून तो बंद केला. न्यूयॉर्क, कनेटिकट आणि मेरीलँडसोबत न्यू जर्सी कोर्टातही गेली आणि हरली.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ही मर्यादा २०२५ साठी ४० हजार आणि २०२६ साठी ४०,४०० केली. २०२९ पर्यंत ती दरवर्षी एक टक्क्याने वाढेल आणि २०३० मध्ये परत १० हजारांवर येईल. हाउसच्या मसुद्यात ही सवलत यापेक्षा जास्त काळाची होती, सिनेटने ती पाच वर्षांवर आणली. शेवटचं मतदान हाउसमध्ये २१८ विरुद्ध २१४ इतकं अटीतटीचं झालं. जास्त कर असलेल्या राज्यांतल्या मोजक्या रिपब्लिकन खासदारांना सॉल्टवरून इतकी घासाघीस करता आली ती त्यामुळेच.

आता तुमचा हिशेब. तुम्ही दिलेले आकडे: प्रॉपर्टी टॅक्स १३,५००, न्यू जर्सीचा कापलेला कर १३,०००, मॉर्गेजचं व्याज १७,०००, देणग्या १,५००. जुन्या मर्यादेत तुमची वजावट १०,००० + १७,००० + १,५०० = २८,५०० झाली असती. पण कसलाही पुरावा न देता मिळणारं स्टँडर्ड डिडक्शन यापेक्षा मोठं आहे, जोडप्याला २०२५ साठी ३१,५००. म्हणजे जुन्या नियमात तुम्ही आयटमाइझ (शेड्यूल ए वर एकेक वजावट मांडणं) केलंच नसतं. नव्या मर्यादेत सॉल्टचे पूर्ण २६,५०० धरता येतात आणि एकूण वजावट ४५,००० होते. तुमचा खरा लाभ हा ४५,००० आणि ३१,५०० यांतला फरक, म्हणजे १३,५००. तुम्ही २४ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणून कर वाचतो ३,२४० डॉलर.

तुमच्या सहकाऱ्याने दोन ठिकाणी गफलत केली. वजावट म्हणजे कर नव्हे, वजावटीच्या २२ किंवा २४ टक्के एवढाच कर वाचतो. आणि वजावटही शून्यापासून मोजायची नसते, स्टँडर्ड डिडक्शनच्या वर जेवढी जाते तेवढीच कामाची. दुसरी चूक तर जाणकार लोकही करतात. १०,००० ऐवजी २६,५०० म्हणजे १६,५०० चा फायदा, असा हिशेब मांडून मोकळे होतात.

मुलांच्या क्रेडिटमध्ये (हे थेट करातून वजा होतं) दोघांचे मिळून आणखी ४०० डॉलर मिळतील, कारण प्रत्येकी २,००० चे २,२०० झाले. मुलांचे सोशल सिक्युरिटी नंबर हवेत, आणि आता आई-वडिलांपैकी निदान एकाचाही हवा. हे क्रेडिट मात्र अलाबामातल्या माणसालाही तेवढंच मिळतं, न्यू जर्सीचं त्यात विशेष काही नाही.

मग राज्यात खरा लाभ कोणाला? माझ्या मते एका पट्ट्याला: स्वतःचं घर, त्यावर अजून बरंच कर्ज, आणि उत्पन्न साधारण दीड लाख ते पाच लाख. मिडलसेक्स, सॉमरसेट, मॉरिस, बर्गन या काउंट्यांमधली दोन पगारांची घरं म्हणजे हाच पट्टा. आपली मराठी मंडळी यात भरपूर आहेत, म्हणून आपल्या गप्पांमध्ये हा कायदा सगळ्या राज्याला लाभल्यासारखा वाटतो. जर्सी सिटीत भाड्याने राहणाऱ्याकडे प्रॉपर्टी टॅक्सही नाही आणि मॉर्गेजही नाही. त्याची वजावट नुसत्या राज्याच्या करावर स्टँडर्ड डिडक्शन ओलांडत नाही, त्यामुळे सॉल्टमधून त्याला काही नाही. कर्ज फिटलेलं घर असलेल्या निवृत्त जोडप्याचंही तेच: प्रॉपर्टी टॅक्स १४ हजार, राज्याचा कर दोन हजार, व्याज शून्य. १६ हजारांत आयटमाइझ कसं करणार?

त्या निवृत्त जोडप्याला दुसऱ्या दाराने मिळतं. ६५ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला २०२५ ते २०२८ या काळात ६,००० ची जादा वजावट आहे, आयटमाइझ करा वा करू नका. जोडप्याचं उत्पन्न दीड लाखावर गेलं की जादा रकमेच्या सहा टक्क्यांनी प्रत्येकाची वजावट घटते. दोन लाखांवर प्रत्येकी ३,००० उरतात आणि अडीच लाखांवर काहीच नाही. 'सोशल सिक्युरिटीवरचा कर गेला' असं जे सांगितलं जातं ते याच वजावटीबद्दल. सोशल सिक्युरिटी करपात्र कशी ठरते तो नियम बदललेला नाही.

वरच्या टोकाला पाच लाखांपलीकडे वेगळाच खेळ सुरू होतो. २०२५ मध्ये उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं (२०२६ साठी ५ लाख ५ हजार) की जादा रकमेच्या ३० टक्के इतकी मर्यादा घटते. साडेपाच लाख उत्पन्न असेल तर ४०,००० मधून १५,००० जातात आणि २५,००० उरतात. ६ लाखांवर परत जुने १० हजार. म्हणजे या पट्ट्यात एक डॉलर जास्त कमावला तर करपात्र उत्पन्न एक डॉलर तीस सेंटने वाढतं. ३५ टक्क्यांच्या टप्प्यात हा प्रत्यक्ष दर ४५.५ टक्के होतो, आणि राज्याचा कर वेगळाच. दोघे डॉक्टर, किंवा ज्यांचे आरएसयू (कंपनीने पगारासोबत दिलेले शेअर) एकाच वर्षात व्हेस्ट होतात, म्हणजे हक्काचे होतात, अशी टेकमधली जोडपी इथे नेमकी अडकतात. उपाय नेहमीचेच, पण या पट्ट्यात त्यांची किंमत वाढते: दोघांचंही ४०१(के) निवृत्ती खातं पूर्ण भरा (२०२५ साठी प्रत्येकी २३,५००, २०२६ साठी २४,५००), शेअर विकायचे असतील तर ती विक्री जानेवारीत ढकला, तोट्यातले शेअर डिसेंबरात काढा. एचएसए (वैद्यकीय खर्चाचं बचत खातं) भरत असाल तर लक्षात ठेवा, फेडरल वजावट मिळते पण न्यू जर्सी एचएसए मानत नाही. राज्याच्या रिटर्नमध्ये ती रक्कम उत्पन्नातच राहते.

स्वतःचा धंदा असलेल्यांसाठी कायद्यात जे लिहिलेलं नाही तेच जास्त महत्त्वाचं आहे. न्यू जर्सीने २०२० पासून 'बेट' नावाची सोय केली: भागीदारी किंवा एस कॉर्पोरेशन (जिचा नफा थेट मालकांच्या रिटर्नमध्ये जातो ती कंपनी) स्वतःच्या पातळीवर राज्याचा कर भरते, तो धंद्याचा खर्च म्हणून फेडरल उत्पन्नातून पूर्ण वजा होतो, आणि मालकाला राज्याच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. ही वाट बंद करण्याचा प्रस्ताव चर्चेत होता, पण अंतिम कायद्यात आला नाही. म्हणून एस कॉर्पोरेशन चालवणाऱ्यांनी 'आता मर्यादा ४० हजार झाली, बेट कशाला' असं म्हणून ते सोडू नये. बेटला कसलीही मर्यादा नाही आणि २०३० नंतरही त्याला धक्का लागत नाही. एकट्या मालकाच्या एलएलसीला मात्र ते मिळत नाही.

आता तुमच्या रिटर्नमध्ये हमखास चुकणाऱ्या जागा.

प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा एस्क्रोमध्ये (कर भरण्यासाठी बँकेने ठेवलेल्या खात्यात) भरलेल्या रकमेवरून घेऊ नका. बँकेने त्या वर्षात गावाला प्रत्यक्ष किती भरले तो आकडा धरायचा. तो बहुधा फॉर्म १०९८ वर (मॉर्गेजच्या व्याजाच्या दाखल्यावर) असतो, नसेल तर एस्क्रोच्या वार्षिक स्टेटमेंटवर. सीवर, कचरा आणि नवा फुटपाथ बांधण्याची आकारणी यात येत नाही. इथले हप्ते १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला असतात. फेब्रुवारीचा हप्ता डिसेंबरमध्ये भरला आणि त्याचं बिल आधीच आलेलं असलं, तर तो भरलेल्या वर्षात धरता येतो. तुमची बेरीज २६,५०० आहे आणि मर्यादेला बरीच जागा आहे, तेव्हा ही युक्ती तुम्हाला चालेल. फक्त ती पुढच्या वर्षाच्या वजावटीतून उचललेली असते, जादा मिळत नाही.

राज्याचा कर म्हणून डब्ल्यू-२ च्या (पगाराच्या वार्षिक दाखल्याच्या) १७ नंबरच्या चौकटीतली रक्कम सगळे घेतात, आणि १४ नंबरची चौकट विसरतात. न्यू जर्सीत पगारातून सक्तीने कापलेली बेकारी, डिसॅबिलिटी आणि फॅमिली लीव्हची वर्गणीही राज्याचा इन्कम टॅक्स म्हणूनच धरता येते. तुमच्या पगारांवर ती दोघांची मिळून हजाराच्या वर सहज जाईल. मी वरच्या हिशेबात ती धरलेली नाही, त्यामुळे तुमचा लाभ थोडा वाढेलच. कंपनीची डिसॅबिलिटी योजना खासगी असेल तर तो भाग मात्र धरायचा नाही. मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्याचा न्यूयॉर्कला भरलेला करही सॉल्टमध्येच मोडतो. न्यू जर्सी त्याचं क्रेडिट देते, पण न्यूयॉर्कचा कर सहसा जास्त असल्याने अशा घरांची बेरीज ४० हजारांपर्यंत लवकर पोचते.

एक जुनी सवय मोडावी लागेल. इतकी वर्षं न्यू जर्सीकडून रिफंड आला की १०९९-जी (रिफंडचा दाखला) बाजूला ठेवून दिला जायचा, कारण त्या कराची वजावट मुळात मिळालेलीच नसायची. आता तुम्ही २०२५ मध्ये पूर्ण रक्कम वजा करणार. मग त्या वर्षाचा रिफंड २०२६ मध्ये आला की तो २०२६ च्या फेडरल उत्पन्नात धरावा लागेल. अँकर (राज्याची प्रॉपर्टी टॅक्स सवलत योजना) मिळणाऱ्या घरमालकांनाही हाच नियम लागू पडतो. तुमचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असल्याने तुम्हाला अँकर नाही. या एका मुद्द्यावर आयआरएसच्या नोटिसा येतील, असं मला वाटतं.

राज्याच्या रिटर्नला यातलं काही लागत नाही. एनजे-१०४० मध्ये प्रॉपर्टी टॅक्सची १५ हजारांपर्यंतची वजावट स्वतंत्र मिळते, फेडरलमध्ये स्टँडर्ड घेतलं असलं तरी. भाडेकरूच्या भाड्याचे १८ टक्के प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरले जातात. सॉफ्टवेअर हे विचारतं, पण लोक घाईत पुढे जातात.

इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शन (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क) वापरून शेअर ठेवले असतील तर एएमटी (पर्यायी किमान कर) तपासा. त्या हिशेबात सॉल्टची वजावट शून्य धरतात. तीन-चार लाख पगाराच्या साध्या घराला एएमटी सहसा लागत नाही. पण सॉल्टची मोठी वजावट आणि ऑप्शन एकत्र आले की लागू शकतो.

२०२६ चं गणित थोडं वेगळं आहे. स्टँडर्ड डिडक्शन ३२,२०० झालं, आणि आयटमाइझ करणाऱ्याच्या देणग्यांवर नवा उंबरठा आला: उत्पन्नाच्या अर्धा टक्क्यापर्यंतची देणगी धरत नाहीत. तुमच्या २ लाख ८० हजारांवर हा उंबरठा १,४०० चा. म्हणजे १,५०० देणगीतले फक्त १०० कामाचे. बाकी आकडे तेच राहिले तर वजावट ४३,६०० आणि बचत साधारण २,७०० डॉलर. देवळाला किंवा मंडळाला दरवर्षी देत असाल तर दोन-तीन वर्षांची देणगी एकाच वर्षात दिलेली बरी. संस्था इथली ५०१(सी)(३), म्हणजे नोंदलेली करमुक्त धर्मादाय संस्था, हवी. गावाकडच्या ट्रस्टला थेट पाठवलेले पैसे किंवा गणपतीच्या जेवणाच्या तिकिटाची रक्कम यात बसत नाही. भारतात पैसे पाठवण्यावरच्या एक टक्का कराची धास्तीही बऱ्याच जणांनी घेतली आहे. १ जानेवारी २०२६ पासून तो रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर चेक देऊन पैसे पाठवणाऱ्याला लागतो. बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवलं तर नाही.

'राज्याला फायदा' हा शब्द मला खटकतो तो इथे. सॉल्टचे पैसे ट्रेंटनच्या (राज्य सरकारच्या) तिजोरीत जात नाहीत, ते घरमालकाच्या खिशात जातात. तिजोरीच्या बाजूने हाच कायदा खर्च वाढवतो. ऑक्टोबर २०२६ पासून स्नॅप (गरिबांना अन्नासाठी मदत) चालवण्याच्या खर्चातला राज्याचा वाटा ५० वरून ७५ टक्के होतो. ऑक्टोबर २०२७ पासून तर वाटपातल्या चुकांचं प्रमाण ६ टक्के किंवा त्यावर असलेल्या राज्यांना प्रत्यक्ष मदतीचाही ५ ते १५ टक्के भार उचलावा लागेल. न्यू जर्सीत स्नॅपचं काम काउंट्या करतात, आणि काउंटीचा पैसा येतो प्रॉपर्टी टॅक्समधून. राज्याने तो भार स्वतःवर घेतला नाही तर शेड्यूल ए वर मिळालेल्यातला काही भाग ऑगस्टच्या बिलातून परत जाईल. मेडिकेडचं (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) तसंच: २०२७ पासून विस्तारित गटातल्या (योजना वाढवल्यावर आत आलेल्या) प्रौढांना महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम काही दाखवावं लागेल आणि पात्रतेची तपासणी दर सहा महिन्यांनी होईल. कागद वेळेवर न पोचल्यामुळे विमा जाणारे लोक हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत येतील, आणि ते बिल कुणीतरी भरणारच.

सासू-सासऱ्यांचं उत्तर त्यांच्या उत्पन्नावर आणि रिटर्न कसा भरता यावर अवलंबून आहे. दोघे तुमच्या रिटर्नमध्ये डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) असतील तर ६,००० ची ज्येष्ठांची वजावट तुम्हाला मिळत नाही. ती त्यांच्या स्वतःच्या रिटर्नमध्येच मिळते, आणि भारतातलं भाडं-व्याज धरूनही उत्पन्न कमी असेल तर त्यांना तिची गरजच पडत नाही. तुमच्याकडे प्रत्येकी ५०० चं क्रेडिट आहे, तेच घ्या. विम्याकडे मात्र लगेच बघा. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली नाहीत म्हणून मेडिकेड नाही, आणि स्वतंत्र रिटर्नमध्ये उत्पन्न गरिबीरेषेखाली, अशा आई-वडिलांना गेट कव्हर्ड एनजेवर (राज्याच्या विमा बाजारात) फेडरल अनुदानाने विमा मिळायचा. ते अनुदान १ जानेवारी २०२६ पासून बंद झालं. डिपेंडंट असतील तर तुमचं उत्पन्न धरलं जातं, तेव्हा विमा घेण्याआधी दोन्ही बाजूंनी आकडे मांडा.

शेवटचं काम डब्ल्यू-४ चं, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या फॉर्मचं. कंपनीची पगार-प्रणाली तुम्ही स्टँडर्ड घेताय असं धरूनच कर कापते. स्टेप ४(बी) मध्ये स्टँडर्डच्या वरची वजावट लिहिली, तुमच्या बाबतीत २०२६ साठी साधारण ११,४००, की दर महिन्याला दोनशेच्या वर डॉलर हातात जास्त येतील. ती रक्कम दोघांपैकी एकाच्याच फॉर्मवर लिहा, ज्याचा पगार जास्त त्याच्या. दोघांनीही लिहिली तर एप्रिलमध्ये उलटे पैसे भरावे लागतात. न्यू जर्सीचा डब्ल्यू-४ वेगळा आहे, त्याला हात लावू नका.